‘परदेशात जाऊच नये, रंकाळ्यावर भेळ खावी’ म्हणणाऱ्या वाचकास

परदेशात आपलंच सिम चालवायला मोबाइल कंपनी रोजच्या हिशोबाने रोमिंगचा पॅक विकते; त्याऐवजी डेटासाठी तिथलं सिम किंवा ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम) कसं घ्यावं, यावर मी ‘परदेशात फोन आणि नेट’ हा लेख लिहिला होता. त्याखाली गेल्या रविवारी ‘शाहूपुरीकर’ अशा नावाने एक प्रतिक्रिया आली. काढून टाकता आली असती, पण ठेवली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी:

“लेख वाचला. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, एवढं तरी बघून लिहायचं. तुमचं वाचून माझ्या सासूबाईंनी बँकॉकमध्ये आपलं भारतातलं सिम काढून पर्समध्ये टाकलं. कार्ड चालेना, ओटीपी येईना, तासभर हॉटेलच्या काउंटरसमोर बसून राहिल्या. रोजचे दोन-तीनशे रुपये वाचवायला एवढी सर्कस करणाऱ्यांनी परदेशात जाऊच नये, रंकाळ्यावर भेळ खावी. कंपनीचा पॅक घ्या, विषय संपला.”

शाहूपुरीकर साहेब (की बाई? नाव लावलं असतंत तर हाक तरी नीट मारता आली असती),

तोंडावर बोलायची आपल्या गावची पद्धत मलाही आवडते. पण तोंडावर बोलायला आधी तोंड दाखवावं लागतं. मी सहा वर्षं इथे स्वतःच्या नावाने लिहितो, एक रुपया मिळत नाही, उलट दरवर्षी डोमेनचे पैसे खिशातून जातात. लोक फोन करून शंका विचारतात, रात्री साडेअकरालाही विचारतात, मी उत्तर देतो. कौतुक करा असं म्हणत नाही. पण ‘एवढं तरी बघून लिहायचं’ हे वाक्य मास्तरांनी पाचवीतल्या पोराला म्हणावं तसं आहे, आणि माझी पाचवी होऊन बरीच वर्षं झाली.

आता स्वित्झर्लंडचं. तिथे तुमचं बरोबर आहे, मान्य. ‘युरोपातल्या कुठल्याही देशाचं सिम घेतलं की सगळ्या युरोपात त्याच दरात चालतं’ असं मी लिहिलं होतं. तो नियम युरोपीय संघाचा आहे, १५ जून २०१७ पासूनचा. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन संघात नसूनही त्यात येतात. स्वित्झर्लंड येत नाही, आणि संघातून बाहेर पडल्यावर २०२१ पासून ब्रिटनलाही तो लागू नाही. काही सिमवाले स्वित्झर्लंड आपणहून यादीत धरतात, काही धरत नाहीत, तेव्हा सिम घेताना देशांची यादी वाचायची. आपली माणसं युरोपची टूर म्हणजे आधी स्वित्झर्लंडच धरतात, त्यामुळे ही दुरुस्ती गरजेची होती. केली आहे. चूक ती चूक, मी कधी नाकारत नाही. माझ्याजागी दुसरा असता तर गुपचूप बदलून मोकळा झाला असता.

एवढं मोकळेपणाने मान्य केल्यावर आता तुमच्या त्या भेळेकडे वळतो.

‘रोजचे दोन-तीनशे रुपये वाचवायला एवढी सर्कस करणाऱ्यांनी परदेशात जाऊच नये.’ हे वाक्य मी चार वेळा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, सोडून द्या. मी सोडणार नाही.

कोल्हापुरातून परदेशात कोण जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? टूरवाल्यांच्या टोप्या घालून जाणारे जातात, त्यांना माझा नमस्कार. पण त्यांच्या आधीपासून शिरोलीची, गोकुळ शिरगावची फौंड्रीवाली माणसं जातात. हुपरीचे चांदीवाले जातात. कर्ज काढून जर्मनीला शिकायला गेलेली पोरं आहेत, लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आया आहेत. यांतला एकही माणूस चैनीला जात नाही. तीनशे रुपये त्यांच्यासाठी तीनशे रुपयेच असतात.

मी स्वतः कसा गेलो ते सांगतो, म्हणजे सर्कस कुणी केली ते कळेल. वडील शिवाजी उद्यमनगरात लेथवर होते. मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत डिस्पॅचला लागलो. जून २०१५ मध्ये मालक मला घेऊन ड्युसेलडॉर्फच्या ‘गिफा’ला गेले. फौंड्रीच्या धंद्यातलं हे सगळ्यात मोठं प्रदर्शन, चार वर्षांतून एकदा भरतं. मला नेलं कारण मला इंग्रजी जरा बरं येत होतं आणि माझा पासपोर्ट तयार होता. प्रदर्शनाच्या आठवड्यात ड्युसेलडॉर्फची हॉटेलं परवडत नाहीत, म्हणून आम्ही डुईसबुर्गला उतरलो आणि रोज ट्रामसारख्या गाडीने ये-जा केली. हातात कंपनीचा पोस्टपेड फोन. निघताना रोमिंग चालू करून घेतलं होतं. पॅक वेगळा घ्यायचा असतो हे ना मला माहीत, ना ऑफिसात कुणाला.

दोन दिवस मी काय केलं? मोल्डिंग मशीनचे फोटो काढले आणि ते इकडे पॅटर्नशॉपच्या लोकांना व्हॉट्सॲपवर पाठवले. दोन कॅटलॉग मेलमधून उतरवून घेतले. एवढंच. बिलात डेटाचा दर छापला होता: १० केबीला साडेपाच रुपये. वाचायला किरकोळ वाटतो ना? एक एमबीला ५६३ रुपये होतात. माझा वापर साठ एमबी होता, आजच्या भाषेत दोन-चार रील. करासकट बिल ३८ हजारांच्या पुढे गेलं. माझा पगार तेव्हा बावीस हजार. मालक भला माणूस, निम्मं त्यांनी सोसलं. उरलेलं माझ्या पगारातून महिन्याला दोन-दोन हजार असं कापलं गेलं. ते दहा महिने मी रंकाळ्यावरची भेळसुद्धा विचार करून खाल्ली आहे. तेव्हा भेळ कुणी खावी, ते मला सांगू नका.

त्यानंतर मी या विषयात डोकं घातलं. २०१९ च्या गिफाला गेलो तेव्हा स्टेशनजवळच्या दुकानात तिथलं सिम घेतलं. २०१७ च्या जुलैपासून जर्मनीत ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम चालूच होत नाही. पोराने पासपोर्ट स्कॅन केला, पत्ता विचारला, मी हॉटेलचं कार्ड पुढे केलं. वीस मिनिटं लागली. सुपरमार्केटमधलं स्वस्त सिम घेतलं असतं तर कॅमेऱ्यासमोर पासपोर्ट धरून कुणाशी तरी व्हिडिओवर बोलावं लागलं असतं. आमच्यातल्या एकाने तसं घेतलं आणि पहिला दिवस त्यातच घालवला. २०२३ ला ई-सिम घरूनच घेऊन गेलो. विमानातून उतरलो, सेटिंगमध्ये एक बटण सरकवलं, झालं. तीन वाऱ्या, तीन पद्धती. याला मी अनुभव म्हणतो. तुम्ही सर्कस म्हणा.

आणि बाळंतपणाच्या आयांचं म्हणालो, ते हवेत नाही बोललो. आमच्या गल्लीतल्या काकू गेल्या साली न्यू जर्सीला लेकीकडे सहा महिने राहून आल्या. तुमचे तीनशे रुपये रोज धरा. १८० दिवसांचे ५४ हजार. बाळाच्या पायातले वाळे, कानातलं, बारशाची साडी, सगळं त्यात बसतं. लेकीने त्यांना आपला जुना आयफोन दिला, चौदा नंबरचा. त्यात काकूंचं सिम घालायला गेले तर जागाच नाही! अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या त्या मॉडेलपासून सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम. तेव्हा त्यांनी काय केलं? लेकीच्या त्या आयफोनवर तिथलं ई-सिम, आणि आपला जुना भारतातला फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मिठाच्या बरणीमागे, कायम चार्जिंगला. डेटा बंद, रोमिंग चालू. बहुतेक प्लॅनवर बाहेर असताना येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत, उचललेल्या कॉलला पडतात. म्हणून जावयांनी फोनच्या पाठीला चिठ्ठी चिकटवली होती: ‘वाजला तरी उचलायचा नाही.’ इकडून मुलगा रिचार्ज मारत राहिला, पेन्शनच्या खात्याचे ओटीपी बरणीमागे येत राहिले. सातवी शिकलेली बाई. तिला जमलं.

हेच भारतातलं सिम इथून निघण्याआधी ई-सिममध्ये बदलून घेता येतं, तेही लेखात आहे. फक्त सिम बदललं की चोवीस तास त्यावर एसएमएस बंद राहतात, म्हणून ते काम मुंबईच्या गाडीत बसताना करायचं नसतं. चार दिवस आधी करायचं. हे मला तुमच्यासारख्यांनी नाही शिकवलं, लोकांचे रात्री साडेअकराचे फोन घेऊन कळलं.

तुमच्या सासूबाईंबद्दल. त्यांना त्रास झाला, वाईट वाटलं, त्यांना माझा नमस्कार सांगा. पण माझं वाचून झाला म्हणता, ते पटत नाही. लेखाच्या चौथ्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं आहे: डेटा दुसऱ्या सिमचा, भारतातलं सिम फोनमध्येच, चालू, फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद. सहाव्या परिच्छेदात ‘सिम काढून जपून ठेवा’ हे शब्द आहेत, हो. पण ते ज्यांच्या फोनला एकच स्लॉट आहे त्यांच्यासाठी आहेत, आणि ते त्या परिच्छेदाच्या पहिल्या ओळीवरून कळतं. सगळा परिच्छेद वाचला तर कळतं. शिवाय हॉटेलच्या काउंटरवर कार्ड पिनवर चालतं, तिथे ओटीपीचा काय संबंध? माझा अंदाज असा की त्यांचं कार्ड परदेशासाठी चालूच केलेलं नव्हतं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरापुरतं चालू असतं, बाहेरचा वापर आपण बँकेच्या ॲपमधून चालू करायचा. तो त्यांनी काउंटरवर उभं राहून करायला घेतला असणार, बँकेने ओटीपी पाठवला असणार, आणि सिम पर्समध्ये. हे काम घरी, सोफ्यावर बसून करायचं असतं. कार्डाचा लेख मी लिहिलेला नाही, फोनचा लिहिला आहे.

ॲपची नावं का दिली नाहीत असंही एकाने खाली विचारलंय. २०२४ च्या जानेवारीत दूरसंचार विभागाच्या सांगण्यावरून एरालो आणि होलाफ्लाय ही दोन मोठी ई-सिम ॲपं भारतातल्या ॲप स्टोअरवरून काढून टाकली गेली. आज सुचवावं आणि उद्या ते नसावं, आणि मग तुमच्यासारख्यांनी येऊन मास्तरकी करावी, त्यापेक्षा नावं नकोच.

राहिलं ‘पॅक घ्या, विषय संपला’. विषय संपत नाही. विमानातलं आणि क्रूझवरचं नेटवर्क उपग्रहावरून येतं, साधा पॅक तिथे लागू नसतो, आणि फोन मुकाट्याने ते पकडतो. समुद्रावर जाताना फ्लाइट मोड लावायचा तो यासाठी. पॅकचा ‘एक दिवस’ म्हणजे चोवीस तास की तारीख, तेही बारीक अक्षरात बघावं लागतं.

मी पॅकच्या विरोधात आहे असंही नाही, हे तुम्ही परस्पर ठरवलंत. चीनला मशिनरी बघायला जाताना मी दर वेळी पॅकच घेतो. तिथलं सिम घेतलं तर व्हॉट्सॲप नाही, गूगल नाही, सगळं अडवलेलं. आपल्या सिमचं रोमिंग असलं की डेटा फिरून आपल्याच कंपनीकडून जातो, म्हणून चालतं. दुबईतही तेच: तिथल्या सिमवर व्हॉट्सॲपचे कॉल लागत नाहीत. तिथेही पॅक. आणि चार-पाच दिवसांची टूर, वयस्कर माणूस, ई-सिम न चालणारा फोन असेल, तर मी स्वतः पॅकच घे म्हणून सांगतो. माझ्या आईला सिंगापूरला पाठवलं तेव्हा पॅकच घालून दिला होता. पण मी विचार करून घालून दिला. भेळ खा म्हणून नाही सांगितलं.

असो. सहाव्या परिच्छेदातली ती ओळ मी काल रात्री ठळक केली आहे, आणि पुढे एक वाक्य घातलं आहे की एकाच स्लॉटच्या फोनवाल्यांनी सिम काढण्याआधी बँकेची आणि कार्डाची कामं उरकून घ्यावीत. ते मी तसंही करणारच होतो. तेवढं एक कळवा: सासूबाईंचा फोन एका स्लॉटचा होता की दोन?