वीस ग्रॅम फरसाण

दंडावरचा पट्टा सोडता सोडता डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करा."

"कमीच खातो," मी म्हटलं. खोटं नव्हतं. हुमण, म्हणजे माशाची आमटी, अळणी झालं तरी मी वरून मीठ मागत नाही, सोबत एक खारा बांगडा भाजून घेतो.

"पाकिटातलं मीठ म्हणतोय मी. मागे सोडियम लिहिलेलं असतं. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहा. वाचून घेत जा."

सोपं वाटलं. चौथीपासून वाचतोय मी.

संध्याकाळी फोंड्याच्या बाजारात नेहमीच्या पसऱ्यावर, म्हणजे किराणा दुकानात, गेलो आणि फरसाणाचं पाकीट उचललं. पुढच्या बाजूची अक्षरं निवडणुकीच्या फलकाएवढी. पाकीट उलटं केलं तर मुंग्यांची रांग. चष्मा घरी टीव्हीवर. शेवटी मोबाइलने फोटो काढला, दोन बोटांनी ताणला आणि उभ्या उभ्या वाचत राहिलो. मग दुसरं पाकीट, मग तिसरं. पसरकार गल्ल्यावरून बघत होता. चौथ्या पाकिटाला त्याने स्टूल पाठवलं, पाचव्याला लिंबूसोडा. त्याचा पोरगा मात्र वरच्या फळीवरच्या ब्रेडच्या लाद्या घाईघाईने आत नेत होता. मला वाटलं, दुकान बंद करायची वेळ झाली.

घरी आल्यावर चष्मा लावून हिशोबाला बसलो. फरसाण : दर १०० ग्रॅममागे सोडियम ९०० मिलिग्रॅम. खाली मात्र लिहिलेलं, एका वेळचं प्रमाण २० ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या फक्त ९ टक्के. नऊ टक्के! मी बायकोला अभिमानाने दाखवलं. ती काही बोलली नाही. केकसाठी आणलेला काटा तिने टेबलावर ठेवला आणि त्यावर मोजून वीस ग्रॅम फरसाण ओतलं. वाटीचा तळसुद्धा झाकेना. एवढं तर मी डबा नीट बंद आहे की नाही हे बघताना खातो.

"आणि पाकीट केवढ्याचं?" ती म्हणाली.

"दोनशे ग्रॅम."

"किती दिवस पुरतं तुम्हाला?"

हा प्रश्न पाकिटावर नव्हता. कंपनीच्या हिशोबात त्या पाकिटावर दहा माणसं बसायला हवीत. आमच्याकडे मी एकटा बसतो, तेही क्रिकेटची मॅच असली तर पहिल्या डावातच. १८०० मिलिग्रॅम सोडियम. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, हे मुलीने सांगितलं. साडेचार ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक चमचा. बांगडा अजून मोजायचाच होता.

आता मला नादच लागला. बिस्किटांच्या पुड्यावर गव्हाची सोनेरी लोंबी होती आणि वर 'पौष्टिक' असा शब्द. मागे यादी. यादीत जे वजनाने सगळ्यात जास्त तेच आधी लिहायचं असा नियम आहे, म्हणजे पंगतीत मान कुणाला हे तिथेच कळतं. पहिल्या पाटावर मैदा, दुसऱ्यावर पामतेल, तिसऱ्यावर साखर. ज्याचा फोटो छापला तो गव्हाचा कोंडा पंगतीच्या शेपटीला, मिठाच्या जरासा आधी. आणि साखर एकटी आलीच नव्हती. पुढे इन्व्हर्ट सिरप, त्याच्याही पुढे लिक्विड ग्लुकोज. एकाच घरातली तीन माणसं, पण पंचायतीच्या निवडणुकीत वेगवेगळ्या पॅनलमधून उभी.

मग दिसलं, आयएनएस ५००. आयएनएस ५०३. माझ्या पोटात गोळा आला. आपण बिस्किटं खातोय की कारखाना? मुलगी बारावीला, रसायनशास्त्र घेतलेलं. तिने मान वर न करता सांगितलं, "बाबा, ते पदार्थात मिसळलेल्या गोष्टींचे नंबर. पाचशे म्हणजे खायचा सोडा. आजी भजीत घालते तो. आणि ३३० दिसलं तर ओरडू नका, ते सायट्रिक अ‍ॅसिड. लिंबात असतं."

कोकम सरबताच्या बाटलीवर पहिलं नाव साखरेचं निघालं. कोकम तिसरं. हे मात्र लागलं मला. आपल्याच अंगणातल्या भिंडांना आपल्याच बाटलीत मागे बसवायचं!

आईला या सगळ्यात रस नाही. ती पाकिटावर एकच गोष्ट बघते. सोमवारी आमच्याकडे शिवराक, म्हणजे शाकाहार, म्हणून त्या दिवशी हिरवा ठिपका शोधते. मांसाहाराची खूण पूर्वी तपकिरी गोल होती, आता त्रिकोण झाला, हे मी तिला समजावलं. कारण रंग ओळखू न येणाऱ्यांनाही फरक कळावा. "बरं झालं," ती म्हणाली, "पण मंगळवारी मला काय त्याचं?" मग मिसकुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, बरणी पुढे केली. "ह्याचं वाच बघू." बरणीवर जुन्या कॉफीचं लेबल होतं. सोडियमचा आकडा त्यावर होता, पण तो कॉफीचा.

सकाळी पों पों करत पोदेर, आमचा पाववाला, कोंडा लावलेल्या पोया घेऊन आला. रात्रीचा हिशोब डोक्यात भिनलेला, त्यामुळे मी सायकलीपाशी जाऊन विचारलं, "पोईत मैदा किती आणि कोंडा किती? जास्त काय, ते आधी सांग." तो माझ्याकडे बघतच राहिला. वरचा कोंडा बोटाने झाडून दाखवला. मग टोपलीवरचं निळं प्लास्टिक पूर्ण बाजूला केलं, हात पँटला पुसले आणि हळूच म्हणाला, काल पसऱ्यावर तपासणीला आलेले साहेब तुम्हीच ना?

तेव्हा मला स्टूल कळलं. लिंबूसोडा कळला. वरच्या फळीवरच्या ब्रेडच्या लाद्यांवर तारीख कुठली असणार, तेही कळलं.

"नाही रे," मी म्हटलं, "मला डॉक्टरने सांगितलंय."

त्याने मान डोलावली. वेशांतर केलेल्या माणसाकडे बघून डोलवावी तशी. चार पोया माझ्या पिशवीत घातल्या, पैसे घेतले, इकडेतिकडे पाहिलं आणि पाचवी वर ठेवली.

"साहेबा, ही तुमकां."

परत देणार होतो. पण ती गरम होती, फुगलेली होती, आणि उलटीपालटी करून बघितली तरी तिच्या पाठीवर कोंड्याशिवाय काही लिहिलेलं नव्हतं.