बंदीनं विषय संपत नाही, भाऊ

नमस्कार भाऊ,

मुलांच्या हातातल्या फोनबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. राग आला नाही, पण दोन दिवस डोक्यातून गेली नाही. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं इथे देते: "मॅडम, हे सारं शहरातल्या शिकलेल्या मायबापासाठी आहे. आमच्या घरी एकच फोन, तो पण माहा. सेटिंग अन् पासवर्ड आम्हाले काय समजते? कोरोनात तुम्हीच पोरांच्या हाती फोन देल्ला, आता तुम्हीच शहाणपण शिकवता. पुसदकडल्या बान्सीनं केली तशी बंदी करा, विषय संपला. माहं पोट्टं रातच्यानं गोधडीत फोन घेऊन झोपते, त्याचं काय करू थे सांगा."

कोरोनाचं तुम्ही बोललात ते खरं आहे. २०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणून रोजचा अभ्यास व्हॉट्सअॅपवर यायचा आणि गावातली शिक्षिका म्हणून मी तो पुढे पाठवायचे. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांच्या ओट्यावर जाऊन मीच म्हटलं, कसंही करा पण एक साधा स्मार्टफोन घ्या. एका घरी त्यासाठी शेळी विकली. मुलं रेंजसाठी वावराच्या धुऱ्यावर जाऊन बसायची, मला त्यांचं कौतुक वाटायचं. पण त्या फोनवर अनोळखी माणसाचा मेसेज आला तर काय करायचं, हे त्या दीड वर्षात मी एकाही लेकराला सांगितलं नाही. ती चूक माझी आहे, आणि आज मी हे लिहिते त्याचं मोठं कारण तेच आहे.

आता बंदीचं. बान्सीच्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंद केला, नियम मोडला तर दोनशे रुपये दंड ठेवला. एवढ्याशा गावानं हा विषय ग्रामसभेत घेतला, याचा मला यवतमाळ जिल्ह्यातली म्हणून अभिमान आहे. तरीही आपल्या गावात अशी बंदी व्हावी असं मला वाटत नाही. का, ते एका मुलीमुळे.

आठवीतली होती. अभ्यासात बरी, बोलायला मोकळी. एकाएकी गप्प झाली, मधल्या सुट्टीत डबा उघडेना. मला वाटलं घरी आजारपण असेल. बाराव्या की तेराव्या दिवशी शाळा सुटल्यावर ती झाडू मारायच्या निमित्तानं मागे थांबली आणि दाराकडे बघत म्हणाली, "बाई, मले फोन नोको आता. फक्त बाबाले सांगू नका." कोणीतरी तिच्या फोटोचं खोटं खातं उघडलं होतं. त्यावरून तिलाच मेसेज यायचे: अजून फोटो पाठव, नाहीतर हाच फोटो घाणेरडा करून गावभर टाकतो.

मी विचारलं, इतके दिवस सांगितलं का नाहीस गं? ती म्हणाली, "बाबा फोन फोडतीन अन् शाळा बंद करतीन." त्या हलकट माणसाचं भय तिला होतंच, पण घरचं भय त्याहून मोठं होतं, आणि त्याला नेमकं तेच पाहिजे होतं. तिचा बाप वाईट माणूस नाही हो. पोरीवर जीव टाकणारा आहे. फक्त त्यानं एकदा जेवताना म्हटलं होतं, फोनचं काही लफडं ऐकलं तर शाळा बंद. तेवढं वाक्य तिच्या मनात घर करून बसलं होतं.

भाऊ, बंदी असलेल्या गावात ही मुलगी माझ्याकडे आली असती का? बापाच्या धाकाला गावचा दंड जोडला गेला असता. फोन तर मैत्रिणीचाही असतो, मामाचाही असतो, आणि फोटो दुसऱ्या कोणाच्याही फोनमध्ये असतो.

तिच्याबद्दल आणखी एक सांगायला पाहिजे. खोट्या खात्यावरचा तो फोटो स्नेहसंमेलनातला होता, मीच काढलेला. नाव, वर्ग, गाव लिहून मीच तो फेसबुकवर टाकला होता. आता मी मुलांचे जवळून काढलेले फोटो फेसबुकवर टाकत नाही, नाव तर मुळीच देत नाही. आपल्याकडे वाढदिवसाला लेकराचा फोटो, नाव, शाळा सगळं स्टेटसला लागतं. तेही थांबवा, एवढी हात जोडून विनंती.

पुढे काय केलं तेही सांगते, कारण "गावात नाव जाईन" या धास्तीनं लोक गप्प राहतात. आम्ही मेसेज पुसले नाहीत, स्क्रीनशॉट काढून ठेवले. त्या माणसाला उत्तर देणं बंद केलं, मग खात्याची तक्रार करून ते ब्लॉक केलं. तिच्या आईला शाळेत बोलावलं, आईनं बाबांना सांगितलं, मी शेजारी बसले होते. मुलाला असल्या फोटोची धमकी देणं हा २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या, कायद्यानं गुन्हा आहे. या कायद्यात मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि वर्दीत नाही. मुलाचं नाव बाहेर येऊ द्यायचं नाही, हेही कायद्यातच आहे. १०९८ हा मुलांसाठीचा फोन रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, लेकरू स्वतः लावू शकतं. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर मुलांबाबतची अशी तक्रार नाव न देताही करता येते.

तुम्ही म्हणता फोन एकच, तो तुमचा, म्हणून हे तुमच्यासाठी नाही. मला उलटं वाटतं. ज्या फोनवर लेकरू गेम खेळतं त्याच फोनवर तुमचं बँक खातं आहे, सोयाबीनचे पैसे त्यातच येतात, आधारचा ओटीपी त्यावरच येतो. शहरातल्या पोराचा वेगळा फोन बिघडला तर त्याचा गेम जातो, तुमचा बिघडला तर पेरणीचे पैसे जातात.

लग्नसराईत व्हॉट्सअॅपवर पत्रिका येते ना, तिचंच उदाहरण घ्या. खरी पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. फसवी पत्रिका दिसते तशीच, पण फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. ते अॅप असतं. उघडायला गेलं की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं अॅप घ्यायचं का? लेकरू घाईत 'हो' दाबतं. मग अॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं, तिथेही 'हो'. आता बँकेचा ओटीपी तुमच्या आधी चोराला दिसतो. पीएम किसानच्या नावानंही अशाच फाइली फिरल्या आहेत. ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून विश्वास ठेवू नका, त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. पैसे गेलेच तर सकाळची वाट न पाहता त्याच घडीला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळतात, आणि कुठल्या तरी खात्यात असेपर्यंतच ते अडवता येतात.

आणि "आम्हाले काय समजते" असं म्हणू नका. तुम्हाला नाही समजलं तरी तुमच्या पोराला समजतं. बँकेचा मेसेज तोच वाचून दाखवत असेल, रिचार्ज तोच मारत असेल, पैसे पाठवायचा पिनही बहुतेक त्याला पाठ असेल. पिन आजच बदला आणि त्याला सांगू नका. लागेल तेव्हा तो पुढचं करेल, पिन तुम्ही दाबा. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, शिष्यवृत्ती असो की बक्षीस, हे त्यालाच तुम्हाला समजावून सांगायला लावा. मग त्याच्याचकडून व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन ग्रुपच्या ठिकाणी 'माझे संपर्क' करून घ्या, म्हणजे कोणीही अनोळखी उठून ग्रुपमध्ये ओढणार नाही. तुम्ही त्याच्याकडून शिकायला बसलात तर अडचण आल्यावर तो तुमच्याजवळ येईल, अशी माझी आशा आहे.

गावानं काही करायचंच असेल तर मला सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव जास्त पटतं. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बाजूला ठेवायचे, थोरामोठ्यांनीसुद्धा. पोरांनी पुस्तक घ्यायचं आणि आपण पारावर रील पाहत बसायचं, असं तिथे ठरलेलं नाही. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत सातला माणूस वावरातून नुकतं घरी आलेलं असतं, म्हणून आपली वेळ आठची ठेवता येईल. ग्रामसभेत तुम्ही मांडा, मी बोलायला उभी राहते.

आता गोधडीतला फोन. ओरडू नका, हिसकू नका. आज जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर सांगा की रात्री नऊनंतर फोन चार्जिंगला, आणि चार्जर तुमच्या खाटेजवळच्या बोर्डावर. तुमचंही नऊनंतर पाहणं बंद. पहिले चार-पाच दिवस तो चिडेल, अंधारात चाचपडत येईल, उठवा आणि परत झोपवा. अभ्यासाला पहाटे गजर लागतो म्हणेल. त्याला बाजारातून किल्लीचं घड्याळ आणून द्या. आणि नेमकं काय पाहत होता ते पहिल्या आठवड्यात विचारू नका, सवय बसू द्या. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर त्याला घेऊन या, फोनही आणा, आपण तिघं बसू.