वय १३८० कोटी वर्षे, मग त्रिज्या ४६५० कोटी प्रकाशवर्षे कशी?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण विचार करून लिहिलेली आहे. म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही.

तुमचा आक्षेप असा : विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे आणि दृश्य विश्वाची (म्हणजे जिथवरचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचू शकला आहे तेवढ्या भागाची) त्रिज्या सुमारे ४६५० कोटी प्रकाशवर्षे, हे एकाच लेखात लिहिताना मला काही खटकले कसे नाही? प्रकाशापेक्षा वेगवान काही नाही म्हणायचे आणि अंतर तिपटीहून जास्त सांगायचे. शिवाय हे आकडे दर पिढीला बदलतात, आणि आपल्या जयंत नारळीकरांना महास्फोट मान्य नव्हता हे मी ‘सोयीस्करपणे’ गाळले. वर, विस्तार होतोय तर शेजारची देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका जवळ कशी येते, हा टोला.

आधी अंतराचे बघू, खरी मेख तिथेच आहे. वय गुणिले प्रकाशवेग हा हिशेब अवकाश जागच्या जागी थांबलेले असेल तर बरोबर. प्रकाश वाटेवर असताना वाटच लांबत असेल, तर ‘किती अंतर?’ असे विचारणाऱ्याला ‘केव्हाचे?’ असे विचारावे लागते. आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे पार्श्वभूमी प्रारण घ्या. पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात ते सापडल्याचे १९६५मध्ये जाहीर झाले. ते निघाले तेव्हा विश्व जेमतेम ३ लाख ८० हजार वर्षांचे होते. आज आपल्यापर्यंत पोचणारे प्रारण ज्या वायूतून निघाले, तो वायू तेव्हा आपल्या जागेपासून (म्हणजे पुढे जिथे आकाशगंगा तयार झाली तिथून) सुमारे ४ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर होता. त्यानंतर विश्व जवळजवळ ११०० पट ताणले गेले. करा गुणाकार. ४६०० कोटींच्या घरात येता की नाही? हे अंतर कुणी टेप लावून मोजलेले नाही. ताम्रसृती (विस्तारामुळे प्रकाश वर्णपटात लाल बाजूला सरकणे) आणि विस्ताराचे गणित यांवरून ते निघते, हे मात्र कबूल.

आता उलटा प्रश्न तुम्ही विचारायला हवा होता : अवघी सव्वाचार कोटी प्रकाशवर्षे कापायला प्रकाशाला १३८० कोटी वर्षे का लागली? कारण तो पुराच्या पाण्यात उलटा पोहत होता. निघाला आपल्याच दिशेने, तरी सुरुवातीची साधारण ४०० कोटी वर्षे त्याचे आपल्यापासूनचे अंतर वाढतच गेले. ते ५८० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास पोचले, तोवर विस्तार मंदावला होता, आणि मग कुठे तो प्रकाश खऱ्या अर्थाने जवळ यायला लागला. मला तरी यापेक्षा चक्रावणारी गोष्ट विश्वशास्त्रात दुसरी माहीत नाही.

आइन्स्टाइनचा नियम यात मोडत नाही. तुमच्या शेजारून जाणारी कोणतीही वस्तू प्रकाशाला मागे टाकू शकत नाही, एवढेच तो सांगतो. दोन दीर्घिकांमधले अवकाश किती झपाट्याने वाढावे यावर त्याची मर्यादा नाही. आज साधारण १४०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिका आपल्यापासून प्रकाशवेगापेक्षा जास्त वेगाने दूर जात आहेत, आणि त्यांपैकी अनेक आपल्याला दिसतातही.

आकडे बदलतात, हे खरे. हबल यांनी १९२९मध्ये विस्ताराचा दर दर मेगापार्सेकला (म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला ५०० किलोमीटरच्या आसपास काढला. त्यावरून विश्वाचे वय २०० कोटी वर्षे येत होते, म्हणजे पृथ्वीपेक्षाही कमी! गोची अंतरांत होती. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे बंद ठेवत, त्या अंधाराचा फायदा वॉल्टर बाडे यांनी माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर घेतला, आणि सेफिड तारे (ज्यांच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर काढतात ते) दोन जातींचे असल्याचे त्यांच्या कामातून पुढे आले. १९५२मध्ये त्यांनी ते जाहीर केल्यावर अंतरे आणि वय दोन्ही एकदम दुप्पट झाली. आजचा वाद मात्र ५०० की ७० असा नाही, ६७ की ७३ असा आहे. प्लँक उपग्रहाच्या पार्श्वभूमी प्रारणावरून ६७ येतो. अॅडम रीस यांच्या गटाला सेफिड आणि अधिनवताऱ्यांवरून (सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारे तारे) ७३ मिळतो, जेम्स वेब दुर्बिणीने सेफिड पुन्हा तपासूनही. वेंडी फ्रीडमन यांच्या गटाचे उत्तर ७०च्या जवळ आहे. ७३ खरा आणि बाकी गणित तसेच धरले, तर वय १३०० कोटींच्या आसपास उतरते. शंका घ्यायचीच तर इथे घ्या, मीही तुमच्या बाजूला उभा राहीन.

नारळीकरांबद्दल. त्यांचा विरोध विश्वाला सुरुवात होती या कल्पनेला होता, विस्ताराला नव्हे. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांचे १९४८चे स्थिर स्थिती विश्वही प्रसरणच पावते. फक्त रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते. १९९३मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह नारळीकरांनी मांडलेल्या सुधारित प्रतिमानातही विस्तार आहे, सोबत आलटून पालटून प्रसरण-आकुंचनाची आंदोलने आहेत. त्यात १३८० कोटी हे ‘वय’ ठरत नाही, इतपत तुमचा मुद्दा रास्त. पण पार्श्वभूमी प्रारणासाठी त्यांना अवकाशात धातूच्या बारीक तंतूंची धूळ मानावी लागली, आणि कोबे उपग्रहाने टिपलेला इतका नितळ वर्णपट त्या धुळीतून सहज निघत नाही, असे मला वाटते. त्यांच्याबद्दलचा आदर आणि हे मत, दोन्ही मी बाळगतो.

राहिली देवयानी. ती आणि आपली आकाशगंगा गुरुत्वाने एकमेकींना बांधलेल्या आहेत, तिथे विस्ताराचे काही चालत नाही. व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२मध्येच तिचा वर्णपट निळ्याकडे सरकलेला, म्हणजे ती जवळ येत असल्याचे, पाहिले होते, तेही विस्ताराचा शोध लागण्याच्याही आधी.