मिशिगनचा व्हाइटफिश जाळ्यांनी नेला? आलेख पुन्हा वाचा

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या महासरोवरांपैकी एक असलेल्या मिशिगन सरोवराचा एक आलेख सध्या फिरतोय. आधी इथल्या मासे गळाने धरणाऱ्यांमध्ये इंग्रजीतून फिरला, आता डेट्रॉईट-शिकागोकडच्या मराठी ग्रुपांवर आलाय. व्हाइटफिशच्या व्यापारी पकडीची रेघ डावीकडे डोंगराएवढी, उजवीकडे जमिनीला टेकलेली. खालच्या मजकुराचा आशय असा: दीडशे वर्षं हा मासा हावरटपणे उपसला, उरलंसुरलं आता मूलनिवासी जमातींची गिलनेटं (माशाच्या कल्ल्यांत अडकणारी जाळी) नेताहेत, पाणी पूर्वीपेक्षा नितळ आहे, तेव्हा दोष पाण्याचा नाही, पाच वर्षं मासेमारी बंद करा, मत्स्यबीज सोडा, मासा परत येईल.

आपल्याकडे हॉटेलात ‘व्हाइट फिश’ म्हणून बासाचे तुकडे खपवतात, तो हा नव्हे. हा सॅल्मनच्या कुळातला, थंड पाण्यातला, चंदेरी अंगाचा आणि बारीक तोंडाचा मासा. इथले मूलनिवासी अनिशिनाबे लोक त्याला ‘अदिकमेग’ म्हणतात, म्हणजे पाण्यातला कॅरिबू, उत्तरेकडचा रेनडिअर. सरोवराकाठच्या लेलँड गावी, फिशटाउन या जुन्या कोळीवाड्यात, धुरावलेला मिळतो. कातडी सोनेरी, आत पांढऱ्या पाकळ्या सुटणारं मांस, हाताला दिवसभर लाकडाच्या धुराचा वास. मला तो आवडतो, म्हणून त्याच्याबद्दलची खोटी गोष्ट जरा जास्तच टोचते.

पहिला दावा, दीडशे वर्षांच्या सलग उपशाचा. यातला सुरुवातीचा भाग खरा आहे आणि तो लपवायचं कारण नाही. 1879 साली मिशिगन सरोवरातून सुमारे 1 कोटी 20 लाख पौंड व्हाइटफिश निघाला. तेव्हा काठाकाठाने खांब रोवून सापळ्याची जाळी लावत, त्यात लहानमोठं सगळंच अडके. शिवाय जंगलं तोडून नद्यांवर लाकडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा भुसा वाहत येऊन, मासा जिथे अंडी घालतो त्या खडकाळ उथळ जागांवर बसला. अमेरिकेच्या नव्या मत्स्य आयोगाने 1870च्या दशकाच्या सुरुवातीलाच जेम्स मिलनर यांना सरोवरांवर पाठवलं होतं. मासा घटत चालल्याचं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. शतक सरेपर्यंत पकड ढासळली. इथवर मजकूरवाल्याशी माझं भांडण नाही.

पण त्यापुढे रेघ सलग उतरत नाही. ती उड्या मारते, आणि खरी गोष्ट त्या उड्यांमध्ये आहे. 1943 साली जन्मलेली एकच पिढी अशी काही फळली की 1947ला पकड उसळली. त्यानंतर दहाच वर्षांनी, 1957 साली, ती 25,000 पौंडांवर आली. म्हणजे सगळ्या सरोवराची वर्षाची पकड अकरा-बारा टन! त्या दहा वर्षांत जाळी काही शेकडो पटींनी वाढली नव्हती. आला होता तो समुद्री लॅम्प्रे. दिसायला बामेसारखा, पण जबडा नाही. गोल तोंडात दातांची चक्रं, त्यांनी माशाच्या अंगाला चिकटून रक्त पितो. वेलँड कालव्याने नायगाऱ्याचा अडथळा वळसा घालून पार केल्यावर तो वरच्या सरोवरांत शिरला. मिशिगन सरोवरात 1936 साली पहिल्यांदा सापडला. लेक ट्राउट नावाचा मासा तर त्याच्यापुढे जवळजवळ नामशेष झाला, मग पाळी व्हाइटफिशवर आली.

ह्युरन सरोवराच्या काठी हॅमंड बे इथे संशोधकांनी हजारो रसायनं एकामागून एक तपासली. लॅम्प्रेची पिल्लं नदीच्या गाळात वर्षानुवर्षं राहतात. त्यांना मारेल आणि बाकीच्या माशांना फारसं बाधणार नाही, असं एक रसायन अखेर हाती लागलं. 1958पासून नद्यांमध्ये ते सोडायला सुरुवात झाली. लॅम्प्रे आटोक्यात आला आणि व्हाइटफिश परतला. इतका, की 1990च्या दशकात पकड कित्येक दशकांत नव्हती एवढी वर गेली. ‘सलग उपसा’ म्हणणाऱ्याने या शिखराचं काय करायचं ते सांगावं. फिरत असलेल्या चित्रात ते दिसतं, फक्त डावीकडच्या डोंगरापुढे टेकाड वाटतं.

आता दुसरा दावा. मजकुरातला खरा विखार यातच आहे.

1836च्या वॉशिंग्टन कराराने ओडावा आणि ओजिब्वे (इंग्रजीत चिपेवा) जमातींनी आजच्या मिशिगन राज्याचा फार मोठा मुलूख सोडून दिला, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क सोडला नाही. तो हक्क आजही शाबूत आहे, असा निकाल फेडरल न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी 1979 साली दिला. तेव्हापासून बोटींच्या धक्क्यांवर जी कुरबुर सुरू झाली, तिचाच हा ताजा अवतार.  शिवाय गिलनेट वाटेल तितकं लावता येत नाही. कुठे, किती आणि कोणी धरायचं हे न्यायालयापुढे झालेल्या समझोत्यांनी बांधलेलं आहे.

पण हक्काचा वाद बाजूला ठेवला, तरी मासे स्वतःच साक्ष देतात. व्हाइटफिशच्या डोक्यात, कानापाशी, तांदळाच्या कणीएवढा खडा असतो. तो कापून भिंगाखाली धरला, की झाडाच्या बुंध्यासारखी वर्षांची वळी मोजता येतात. जाळ्यांनी उपसलेल्या तळ्यात म्हातारे मासे उरत नाहीत. मोठा झाला की तो जाळ्यात जातो, आणि मागे उरतात ती पोरं. मिशिगन सरोवराच्या उत्तर भागात आणि ह्युरनमध्ये आज नेमकं उलट दिसतं. वीस-वीस वर्षांचे मासे सापडतात आणि तरणे मासे मिळत नाहीत. जे गाव दरोड्याने ओस पडलं म्हणता, तिथे सगळे आजी-आजोबा जिवंत आणि पाळणे तेवढे रिकामे, असा हा प्रकार आहे.

दुसरी साक्ष शेजारच्या सरोवराची. लेक सुपीरियरमध्येही जमाती मासे धरतात, तिथेही गिलनेट लागतं. तिथला व्हाइटफिश टिकून आहे. आणि खुद्द मिशिगन सरोवराचाच पश्चिमेकडचा फाटा घ्या, ग्रीन बे. तिथे 1990च्या दशकापासून व्हाइटफिश मेनोमिनीसारख्या नद्यांत पुन्हा अंडी घालायला चढू लागला आणि तिथली पकड वाढली. जाळी सगळीकडे जाळीच. मग वेगळं काय? पाणी.

म्हणजे तिसरा दावा आला: पाणी नितळ, म्हणून निर्दोष. सरोवराकाठच्या स्लीपिंग बेअरच्या वाळूवर उभं राहून पाहिलं तर हा समज होणं साहजिक आहे. पाणी निळंहिरवं, पाय गुडघाभर पाण्यातही स्पष्ट दिसतात. पण त्याच किनाऱ्यावर अनवाणी चालून पाहा. नखाएवढ्या धारदार शिंपल्यांचा खच पायाला बोचतो. हे क्वागा शिंपले. काळ्या समुद्राच्या परिसरातून जहाजांच्या तोलासाठी भरलेल्या पाण्यात बसून आले. त्यांचा भाऊबंद झेब्रा शिंपला 1988 साली सापडला, क्वागा वर्षभराने. झेब्राला टणक पृष्ठभाग आणि थोडी ऊब लागते. क्वागाला गाळही चालतो आणि खोल, थंड काळोखही. त्याने मिशिगनचा तळ व्यापला. एकेक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळू शकतो. पाणी नितळ झालं ते असं: त्यातलं सूक्ष्म शेवाळ, म्हणजे अन्नच, गाळून नेलं. वाढून ठेवलेलं ताट धुऊन चकाचक केलं, तर त्याला जेवण म्हणत नाहीत.

या गाळपाचा पहिला बळी ठरला डिपोरिया. सेंटीमीटरभर लांबीचा, आपल्या जवळ्यासारखा दिसणारा तळाचा जीव, अंगात भरपूर तेल. एकेकाळी चौरस मीटरमागे हजारोंनी असे आणि व्हाइटफिशचा भात-आमटी तोच. तो मिशिगन आणि ह्युरनच्या बहुतेक भागातून नाहीसा झाला. मोठे व्हाइटफिश वाळले, त्यांची वाढ मंदावली. शेवटी त्यांनी शिंपले खायला सुरुवात केली, पण त्यात टरफल फार आणि चरबी थोडी. मोठे तरी कसेबसे जगले, पिल्लांना तो पर्याय नव्हता. वसंतात अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम सव्वा सेंटीमीटर असतं. पोटातली शिदोरी संपली की काही दिवसांतच तोंडात मावेल असा सूक्ष्म जीव मिळावा लागतो. तो शेवाळावर जगतो, आणि शेवाळ शिंपल्याच्या पोटात. अंडी फुटतात, एप्रिल-मेमध्ये पिल्लं काठाला दिसतात, आणि उन्हाळ्यात बारीक जाळं ओढलं तर हाती फारसं काही लागत नाही.

सुपीरियर का वाचला, तेही इथेच उलगडतं. त्याच्या पाण्यात कॅल्शियम इतकं कमी आहे की शिंपल्याला कवच नीट घडवता येत नाही. आणि ग्रीन बेमध्ये नद्या शेतांतून पोषकद्रव्यं आणून ओततात, त्यामुळे शिंपले असूनही पाण्यात अन्न उरतं. ग्रीन बेचं पाणी गढूळ आहे म्हणून लोक नाकं मुरडतात, ही त्यातली गंमत.

उरला उपाय: बंदी आणि मत्स्यबीज. पकड कमी करायला माझी ना नाही, उरलेल्या म्हाताऱ्या माशांना जपलंच पाहिजे. पण गाभोळीने भरलेल्या माद्या आजही अंडी घालताहेत. अडलंय ते त्यांच्यापाशी नाही. मत्स्यबीजाचा प्रयोगही नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या सरोवरांत व्हाइटफिशची अब्जावधी पिल्लं सोडली गेली, त्याने पकडीची घसरण थांबली नाही. आज तीच इवली पिल्लं रिकाम्या पाण्यात सोडली, तर ती उपाशी मरतील.

म्हणून हल्ली वेगळं करून पाहणं चाललंय. अंडी गोळा करायची, पिल्लं बाहेर तळ्यांत वाढवायची, पहिल्या घासाचा तो अवघड काळ तिथेच पार पाडायचा, आणि बोटुकली झाली की सरोवरात सोडायची. हे खटाटोप करणाऱ्यांत सू सेंट मेरीची चिपेवा जमात आहे. मजकुरात ‘उरलंसुरलं नेणारे’ म्हटलंय, त्यांतलीच एक.