‘कॅमेरा माझा, फोटो माझा’ वाल्या फॉरवर्डला उत्तर

वारी जवळ आली की आमच्या फोटोग्राफर ग्रुपवर तोच फॉरवर्ड परत फिरायला लागतो, "फोटो ऑनलाइन टाकायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही, कॅमेरा माझा फोटो माझा", खाली पाच मुद्दे आणि शेवटी तलवारीचे इमोजी. मी पण लग्नाच्या ऑर्डरी घेतो, वारीला जातो, त्यामुळे हे खरं असतं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला असता. पण नाहीये.

मुद्दा पहिला, बटण दाबलं त्याचा फोटो. अर्धंच खरं. स्वतःच्या हौसेनं काढलेल्या फोटोचा कॉपीराइट तुमचा, बरोबर. पण पैसे घेऊन ऑर्डर केलीत तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 वाचा, वेगळं काही ठरलं नसेल तर फोटोचा पहिला मालक पैसे देणारी पार्टी. आणि आपल्याकडे ठरतं काय, तर ॲडव्हान्स किती, अल्बम किती पानी आणि ड्रोन आहे का! मी यात तोंडावर आपटलोय. पाठवणीला एक नवरी वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती, काजळ गालावर उतरलेलं, वडिलांचा फेटा सुटून एका बाजूला लोंबतोय, मला वाटलं वर्षातली बेस्ट फ्रेम, रात्रीच रील टाकलं. सकाळी सातला तिच्या भावाचा फोन, "दादा ते काढा आधी, ताईच्या सासरी सगळे बघतायत." काढलं. तेव्हापासून कोटेशनमध्ये पेजवर काय टाकणार त्याची एक ओळ असते, आणि पार्टी नको म्हणाली की विषय संपला.

दुसरा, सार्वजनिक जागा म्हणजे सगळं मोकळं. रस्त्यावर फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही हे खरंय. दिवे घाट चढणारी पालखी, रिंगणातला अश्व, बिनधास्त टाका. पण चंद्रभागेच्या वाळवंटात साडीचा आडोसा धरून बायका कपडे बदलतात, तिकडे झूम लावणारे महाभाग मी डोळ्यांनी बघितलेत, वर कॅप्शन ‘भक्तीचे रंग’. आयटी कायद्याचं 66ई कलम यासाठीच आहे, परवानगीशिवाय शरीराच्या खाजगी भागाचा फोटो काढणं किंवा पसरवणं गुन्हा, आणि जागा सार्वजनिक होती ही सबब चालत नाही असं त्यातच लिहिलंय. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तिसरा, पोज दिली म्हणजे परवानगी दिली. काढायला दिली हो, टाकायला कुठं? बाईच्या खाजगी क्षणांच्या फोटोंबाबत तर भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम 77 हेच सांगतं, काढायला हो म्हटलं पण पसरवायला नाही, तर पसरवणारा गुन्हेगार. साध्या फोटोला ते कलम लागत नाही, मान्य, पण फरक तर कळतो ना.

चौथा, विकत नाही ना, मग झालं. आज विकत नाही. उद्या कुणी मसालेवाला तोच फोटो होर्डिंगला मागतो आणि आपण पाच हजारांत देऊन मोकळे. ऑटो शंकर नावाच्या कैद्याच्या आत्मचरित्रावरून झालेल्या केसमध्ये, म्हणजे 1994 सालीच, सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की माणसाचं नाव किंवा चेहरा त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीला वापरला तर प्रायव्हसीचा भंग होतो. तिथे लेखी सहीच घ्या. पुढं 2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्कच ठरवला.

पाचवा, लहान मुलांचं काय, निरागस असतात. याच्यावर मला रागच येतो. सिग्नलवर फुगे विकणारं, भीक मागणारं पोर दिसलं की ब्लॅक अँड व्हाइट क्लोजअप ठरलेला. बाल न्याय कायदा 2015, कलम 74, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचा फोटो प्रसिद्ध करायला मनाई, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लाइक किती का मिळेनात.

आणि विचारणं इतकं अवघड नसतं हो. मागच्या वारीत सासवडला डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींना विचारलं, त्या म्हणाल्या "कुठं दिसंल रं ह्यो?" मी म्हटलं मोबाईलवर, सगळ्यांना. जरा थांबल्या, पदर सारखा केला, नातवाचा नंबर सांगितला, म्हणाल्या "त्याला इचार." संध्याकाळी पाठवला, दोन दिवसांनी त्याचा अंगठा आला, मग टाकला.