'किंगडा का'पेक्षा उंच कोस्टर येणार, असं कंपनीने म्हटलेलंच नाही

फिरणारा मेसेज असा की अमेरिकेत न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या मनोरंजन पार्कमध्ये किंगडा का या 456 फुटी रोलर कोस्टरच्या जागी त्याहून उंच कोस्टर येणार, कंपनीने जाहीरच केलंय. नाही हो. नोव्हेंबर 2024 मध्ये कंपनीने किंगडा का बंद करतोय हे सांगताना बऱ्याच जागतिक विक्रमांचं नवीन लाँच कोस्टर (ट्रेनला चढावर ओढत न्यायच्या ऐवजी एकदम जोरात ढकलून वेग देणारं) आणू एवढंच म्हटलं होतं, उंचीचा आकडा त्यात कुठेच नव्हता, 456 फुटांच्या वर जाणार हे आपल्याच मंडळींनी जोडलं.

आणि 'विक्रम' ऐकलं की आपण लगेच उंचीकडे बघतो, पण पार्कवाले विक्रम प्रकारानुसार मोजतात. 2019 मध्ये कॅनडाज वंडरलँडने युकॉन स्ट्रायकर आणलं तेव्हा जगातलं सर्वात उंच, वेगवान आणि लांब 'डाइव्ह' कोस्टर (जवळपास सरळ खाली झेपावणारं) अशी जाहिरात केली, उंची होती साधारण 223 फूट, म्हणजे किंगडा काच्या निम्मीच! खोटं काहीच नाही त्यात, फक्त 'डाइव्ह' हा शब्द वाचायचा राहून जातो. लाँच किती, ट्रेन किती वेळा उलटी होते, यावरही विक्रम निघतात.

शिवाय एवढ्या उंचीचं लाँच कोस्टर चालू ठेवणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. सीडर पॉइंट या अमेरिकन पार्कचं 'टॉप थ्रिल 2' हे तसंच उंच लाँच कोस्टर मे 2024 मध्ये सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत बंद पडलं, ते थेट 2025 मध्ये परत चालू झालं. उलट युनिव्हर्सलच्या पार्कमधलं व्हेलोसीकोस्टर हे लाँच कोस्टर जेमतेम 155 फूट, तरी लोक त्यावर फिदा आहेत. मला तर तसलंच आलेलं आवडेल.