टक्क्यांचा दाखला आणि तासांचा आराखडा

दरवर्षी २ एप्रिलच्या, म्हणजे जागतिक ऑटिझम जागृती दिनाच्या, आसपास महाराष्ट्रातल्या ओळखीच्या मंडळींकडून मला वर्तमानपत्री लेखांची कात्रणे येऊ लागतात. त्यांतल्या निम्म्या लेखांत एक विधान ठरलेले असते: परदेशात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या मुलांना समाज किती सहज सामावून घेतो, आणि आपण अजून कुठे आहोत! मी इंग्लंडमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलांची वर्गसहायक म्हणून काम करते आणि माझा सख्खा भाचा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी ऑटिझमसह वाढतो आहे. दोन्हीकडचे कागद हाताळल्यावर माझे मत असे झाले आहे की इथल्या समाजाच्या मोठ्या मनाचे कौतुक करण्यात आपण वेळ घालवतो, आणि उचलण्याजोगी जी एक गोष्ट इथे आहे तिच्याकडे मात्र कोणी पाहत नाही.

भाच्याचा दिव्यांगत्वाचा दाखला सरकारी रुग्णालयात झाला. ऑटिझमच्या मूल्यमापनासाठी भारतात जी मोजपट्टी वापरतात तिच्यात चाळीस बाबी आहेत. नजरेला नजर देतो का, हाक मारली की वळून पाहतो का, तेच तेच शब्द पुन्हा बोलतो का, अशा प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण द्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेवरून दिव्यांगत्वाचे टक्के ठरवायचे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक भरले तर बहुतेक सवलतींचे दार उघडते. पुढे मिळालेल्या ओळखपत्रावर फोटो, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि तो टक्क्यांचा आकडा असतो. भाऊ कोणत्याही कचेरीत गेला की टेबलापलीकडचा माणूस मान वर न करता विचारतो, ‘किती टक्के?’ मुलाला काय लागते, हा प्रश्न इतक्या वर्षांत त्याला एकाही टेबलावर कोणी विचारलेला नाही, कारण त्याचे उत्तर लिहायला त्या कागदांवर जागाच नाही.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने शिक्षण, आरोग्य आणि काळजी यांचा मिळून एक आराखडा आला. त्याच्या एका भागात मुलाच्या गरजा लिहिलेल्या असतात आणि दुसऱ्या भागात त्या गरजांसाठी काय मदत द्यायची ते. तीही मोघम लिहून चालत नाही. वाचाउपचार ‘आवश्यकतेनुसार’ असे लिहिले तर पालक हरकत घेतात. तिथे आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटे, कोणत्या प्रशिक्षणाच्या व्यक्तीकडून, हे यावे लागते. जेवणाच्या सुट्टीत हॉलचा गोंगाट सहन होत नसेल तर शांत खोली, दिवसाच्या वेळापत्रकात बदल होणार असेल तर तो आदल्या दिवशी चित्रांतून समजावणे, असल्या बारीकसारीक गोष्टीही त्यात असतात, आणि माझ्या सकाळच्या कामाची यादी मी अशाच कागदावरून करते. लिहिलेली शैक्षणिक मदत देणे स्थानिक परिषदेला, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेला, कायद्याने बंधनकारक असते. मुलात किती टक्के उणे आहे याचा त्या आराखड्यात कुठेही उल्लेख नसतो; परिषद आणि शाळा त्याला किती देणे लागतात, एवढाच त्यातला हिशेब.

मात्र हा आराखडा कोणी घरी आणून देत नाही. अर्जापासून अंतिम आराखड्यापर्यंत वीस आठवड्यांची मुदत कायद्यात आहे, आणि ती निम्म्याच्या आसपास प्रकरणांतच पाळली जाते. ऑटिझमच्या निदानासाठीच्या रांगेत दोन लाखांहून अधिक लोक आहेत. परिषदेने नकार दिला की पालक न्यायाधिकरणाकडे जातात, आणि २०२३–२४ या वर्षात तिथे सुनावणी होऊन निकाल लागलेल्या शंभरांतल्या जवळजवळ नव्याण्णव प्रकरणांत निकाल पालकांच्या बाजूने लागले. या आकड्याचा अर्थ उघड आहे: बरेच पालक दमून घरी बसतील या हिशेबानेच आधी नकार दिला जातो. जे बसत नाहीत ते बहुधा इंग्रजीत सराईत, रजा काढू शकणारे, खासगी अहवालाचे पैसे मोजू शकणारे असतात. आयटीतले आपले मराठी आईबाप कायद्याची कलमे पाठ करून बैठकीला येतात. त्याच शाळेत ज्या मुलाची आई पहाटे कार्यालये झाडायला जाते, तिला न्यायाधिकरण नावाची जागा आहे हेही कधीकधी कोणी सांगितलेले नसते. त्यातच खर्च आवाक्याबाहेर गेल्यामुळे सरकार ही सारी व्यवस्था बदलू पाहत आहे, आणि बदलात नेमका हक्काचा दातच उपटला जाईल या धास्तीने पालक संघटना अस्वस्थ आहेत.

याहून काळी बाजू मायदेशी फारशी पोचतच नाही. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात ऑटिस्टिक आणि बौद्धिक दिव्यांग रुग्णांना होणारी मारहाण २०११ मध्ये छुप्या चित्रीकरणामुळे उघडकीस आली. अशा लोकांना रुग्णालयांतून घरी, वस्तीत आणू, अशी आश्वासने त्यानंतर एकामागून एक सरकारांनी दिली. तरीही सुमारे दोन हजार माणसे अजून मानसिक आरोग्य रुग्णालयांत आहेत, काही तर वर्षानुवर्षे. ज्या देशाने २००९ मध्ये खास ऑटिझमसाठी कायदा केला, त्याच देशातली ही गोष्ट आहे. तेव्हा ‘तिकडे स्वीकारतात’ असे लिहिणाऱ्यांनी थोडे जपून लिहावे.

उलट, भाच्याच्या गावात काहीच नाही असेही नाही. पेठेतल्या किराणा दुकानदाराला ठाऊक आहे की हा आला की त्याच्याशी न बोलता ठरलेला बिस्किटपुडा ठरलेल्या जागी ठेवायचा. एसटी स्टँडवर तो गाड्यांच्या पाट्या वाचत तासभर उभा राहिला तर त्याला कोणी हटकत नाही आणि उशीर झाला तर कोणीतरी घरी फोन करते. माझ्या शाळेत शिक्षकांबरोबर अख्खा एक माणूस दिमतीला असलेली मुले आहेत, ज्यांना वर्षभरात एकाही वाढदिवसाचे बोलावणे येत नाही. पण गावातला हा जिव्हाळा माणसांवर टिकून आहे. भाच्याला आता मिसरूड फुटले आहे आणि नव्याने राहायला आलेल्या दोन बिऱ्हाडांनी ‘त्याला जरा आवरा’ असे भावाला सुचवूनही झाले आहे. नवे बिऱ्हाड काय समजते यावर त्या मुलाचे बाहेर पडणे अवलंबून असावे, हे मला मान्य नाही.

मायदेशी चालणारा विशेष शाळा की सर्वसाधारण शाळा हा वाद मला म्हणूनच अर्धवट वाटतो. २०१६ चा कायदा सहा ते अठरा वर्षे वयाच्या लक्षणीय दिव्यांग, म्हणजे चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक भरलेल्या, मुलांना जवळच्या शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दर दहा आणि वरच्या वर्गांत दर पंधरा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाणही सांगितले. भाच्याच्या शाळेत विशेष शिक्षक येतात ते कित्येक शाळा सांभाळत, अधूनमधून. ते आले की काय करायचे आणि नाही आले तर कोणाला जाब विचारायचा, हे कुठेच लिहिलेले नसल्यामुळे शाळा बदलूनही त्याच्या दिवसात फारसा फरक पडणार नाही.

महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. या विभागाने ओळखपत्राला एक जोडपत्र द्यावे, एवढी माझी सूचना आहे. त्यात मुलाला लागणाऱ्या चार-पाच गोष्टी, त्या देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद आणि मुदत असावी, आणि मुदत टळली तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे आपोआप तक्रार नोंदली जावी. पैसा कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे; इथल्या परिषदाही याच खर्चापायी कर्जात बुडाल्या आहेत. परंतु शांत खोलीत परीक्षा, वर्गातली ठरलेली जागा, स्नेहसंमेलनाच्या ध्वनिवर्धकापासून सुट्टी, यांना अनुदान लागत नाही. महागडे वाचाउपचार पहिल्या वर्षी जोडपत्रात आले नाहीत तरी चालतील.

आणि ते जोडपत्र भरताना मुलालाही विचारावे. १९९३ मध्ये टोरांटोच्या ऑटिझमविषयक संमेलनात जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने पालकांना तोंडावर सांगितले होते की तुमचा शोक आमच्यासाठी करू नका. मराठीत मात्र या विषयावर अजून बहुतेक आईवडील आणि डॉक्टरच बोलतात. भाचा पुढल्या वर्षी अठराचा होईल, म्हणजे मोफत शिक्षणाचा हक्क संपेल. इथे हा आराखडा गरज असेल तर पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकतो. भाऊ राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, मुलगा सज्ञान झाल्यावरच्या कायदेशीर पालकत्वासाठी, अर्ज करण्याच्या तयारीत आहे. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीपुढे जातो आणि त्या समितीत एक दिव्यांग सदस्य असणे कायद्याने आवश्यक आहे. अर्ज भरण्याआधी एसटी स्टँड, बिस्किटे आणि पुढे कुठे राहायचे याविषयी मुलाशी चित्रे दाखवून बोल आणि त्याची उत्तरे अर्जाला जोड, असे मी भावाला कळवले आहे. ती उत्तरे समितीने वाचलीच पाहिजेत असा नियम नाही; तो व्हावा, यासाठी पुढचा एप्रिल वापरता येईल.